तीन मिनिटांच्या गाण्याचा बाप

फेब्रुवारी २०२४ मध्ये उस्ताद झाकीर हुसेन यांनी एकाच रात्रीत तीन ग्रॅमी मिळवले. त्यातलं एक शंकर महादेवन यांच्यासोबतच्या ‘शक्ती’साठी होतं. त्या रात्रीचे फोटो तुम्ही नक्की कुणाला तरी फॉरवर्ड केले असतील. आता त्या फोटोंतली ट्रॉफी आठवा. सोनेरी, छोटीशी आणि तोंडाला मोठा कर्णा असलेली. जुन्या सिनेमात वाडा दाखवायचा असला की दिवाणखान्याच्या कोपऱ्यात जो ठेवतात, तोच ग्रामोफोन. ‘ग्रॅमी’ हे नावही त्या शब्दाचंच लाडकं रूप आहे.

गंमत बघा. हा पुरस्कार ज्या अमेरिकेत दिला जातो, तिथेच ग्रामोफोन शोधणाऱ्या आणि त्याचं बारसं करणाऱ्या माणसाला कोर्टाने एकेकाळी ग्रामोफोन विकायला बंदी केली होती. नाव त्याचं, यंत्र त्याचं, पेटंट त्याचं, आणि दुकान बंद!

या माणसाचं नाव एमिल बर्लिनर. एडिसन आणि बेल तुम्हाला शाळेच्या पुस्तकात भेटले. बर्लिनर बहुधा भेटला नसेल. पण आज तुमच्या प्लेलिस्टमधलं गाणं साधारण तीन-चार मिनिटांचं का असतं, या प्रश्नाचा माग काढत गेलात तर त्याच्याच दारात पोचाल. हल्ली पुन्हा फॅशनमध्ये आलेली विनाइल रेकॉर्ड हातात घेतल्यावर जे आकडे दिसतात ना, ३३, ४५, ७८ किंवा ७ इंच, १० इंच, १२ इंच, त्या सगळ्यांची सुरुवातही तिथेच आहे.

बाटल्या धुणारा पोरगा

एमिलचा जन्म २० मे १८५१ चा, जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरातला. ज्यू कुटुंब, तेरा भावंडं. वडील व्यापारी आणि धर्मग्रंथांचे अभ्यासक, आईला संगीताची आवड. घरात माणसं भरपूर आणि पैसा बेताचा. त्यामुळे चौदाव्या वर्षीच शाळा सुटली. कधी छापखान्यात पडेल ते काम कर, कधी कापडाच्या दुकानात हिशेब लिही, असं चाललं होतं.

१८६६ मध्ये प्रशियाने हॅनोव्हर गिळंकृत केलं. १८७० मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटलं आणि तरुण पोरांना सैन्यात जावं लागणार हे दिसू लागलं. त्याच सुमारास घरच्या ओळखीतल्या एका गृहस्थांचं अमेरिकेत, वॉशिंग्टनमध्ये कापडाचं दुकान होतं. एकोणीस वर्षांचा एमिल बोटीत बसला आणि तिथे जाऊन दुकानात उभा राहिला.

इंजिनिअरिंगची डिग्री वगैरे काही नाही. तीनेक वर्षांनी तो न्यूयॉर्कला गेला. तिथे मिळेल ते काम केलं. पुढे ज्याने सॅकरिन शोधलं, त्या फालबर्ग नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत साफसफाईचं आणि बाटल्या धुण्याचं कामही केलं. दिवसभर बाटल्या आणि संध्याकाळी कूपर इन्स्टिट्यूटच्या मोफत वाचनालयात वीज आणि ध्वनी यांवरची पुस्तकं. तुमच्यापैकी कुणी नोकरी सांभाळून रात्री अभ्यास करत असेल, तर त्याला यातलं काय ते वेगळं सांगायला नको.

१८७६ मध्ये बेलचा टेलिफोन जगापुढे आला. आवाज जायचा खरा, पण इतका क्षीण की पलीकडच्याने कान टवकारून बसायचं. तोवर वॉशिंग्टनला परतलेल्या एमिलला तारखात्यातल्या एका ओळखीच्याने एक साधी गोष्ट सांगितली होती. तारेची कळ जोरात दाबली की जास्त वीज वाहते. एमिलच्या डोक्यात दिवा पेटला. सैल टेकलेल्या दोन तुकड्यांवर आवाजाचा दाब कमी-जास्त पडला, तर वीजही तशीच कमी-जास्त होईल की! भाड्याच्या खोलीत जुळवाजुळव करून त्याने १८७७ मध्ये नवा ट्रान्समीटर बनवला. आजच्या भाषेत मायक्रोफोन. बेल कंपनीने त्याला नोकरीवर घेतलं आणि त्याच्या शोधाचे हक्कही घेतले. या शोधाचा खरा मालक कोण, एडिसन की बर्लिनर, यावर पुढे वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले. कोर्टाशी त्याची ही पहिली ओळख. शेवटची मात्र नव्हती.

१८८१ मध्ये तो अमेरिकेचा नागरिक झाला. त्याच वर्षी कोरा अॅडलरशी त्याचं लग्न झालं. १८८४ मध्ये बेल कंपनीची नोकरी सोडून तो वॉशिंग्टनला परतला. आता स्वतःचं काहीतरी करायचं होतं.

नळी की ताटली?

एडिसनने १८७७ मध्येच फोनोग्राफ बनवला होता. त्यात नळीसारखं एक दंडगोल फिरायचं आणि सुई त्यावर वर-खाली होत आवाज कोरायची. पुढे ही नळी मेणाची झाली. तिचा मोठा फायदा म्हणजे घरबसल्या स्वतःचा आवाज रेकॉर्ड करता यायचा. तोटा तितकाच मोठा. सुरुवातीच्या काळात नळीच्या प्रती काढणं फार जिकिरीचं होतं. त्यामुळे शंभर लोकांना गाणं विकायचं तर गवयाने तेच गाणं पुन्हा पुन्हा गायचं. घसा बसेपर्यंत!

बर्लिनरने प्रश्नच वेगळा विचारला. पुस्तक जसं एकदा जुळवून हजार प्रती छापता येतात, तसं गाणं छापता येईल का? लहानपणी छापखान्यात घालवलेले दिवस इथे कामी आले असतील का? काय सांगावं!

त्याने जस्ताची सपाट तबकडी घेतली आणि तिच्यावर मेणाचा अगदी पातळ थर दिला. गाणाऱ्याचा आवाज कर्ण्यातून पडद्यावर आदळायचा आणि सुई डावी-उजवीकडे हलत मेणात नागमोडी रेघ काढायची. वर-खाली नाही, तर आडवी. मग तबकडी आम्लात बुडवायची. जिथे मेण खरवडलं गेलं तिथलं जस्त आम्ल खाऊन टाकतं आणि खाच पक्की होते. या तबकडीवरून विजेच्या साहाय्याने धातूचा उलटा साचा बनवायचा. त्या साच्याने, वडीवर ठसा मारावा तशा, हव्या तितक्या तबकड्या ठोकायच्या. गवई एकदाच गाणार, ऐकणारे हजारो.

१८८७ मध्ये त्याला ग्रामोफोनचं पहिलं पेटंट मिळालं. १६ मे १८८८ रोजी फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये त्याने जाणकारांसमोर आपलं यंत्र वाजवून दाखवलं. घरी आवाज रेकॉर्ड करण्याची सोय त्यात नव्हती. ती त्याने जाणूनबुजून सोडली होती. यंत्राने फक्त वाजवावं आणि लोकांनी तबकड्या विकत घ्याव्यात, असा त्याचा हिशेब होता. तुम्ही आज ज्याला म्युझिक इंडस्ट्री म्हणता, तिचा पाया म्हणजे हा हिशेब.

खेळणं म्हणून हिणवलेलं यंत्र

आता तबकडीच्या आकाराकडे वळू, कारण खरी कसरत तिथेच होती.

सगळ्यात आधी बाजारात आलेल्या तबकड्या होत्या साधारण ५ इंचांच्या. १८८९ च्या सुमारास जर्मनीतल्या एका खेळण्यांच्या कंपनीने लहान मुलांसाठी हाताने फिरवायचा ग्रामोफोन काढला, त्यासाठी त्या होत्या. म्हणजे पुढे अख्ख्या जगाला वेड लावणारं हे यंत्र खेळण्यांच्या दुकानातून बाहेर पडलं. काही वर्षांनी अमेरिकेत बर्लिनरने ७ इंची तबकड्या काढल्या. त्या मिनिटाला ७० च्या आसपास फेरे घ्यायच्या आणि एका बाजूला सुमारे दोन मिनिटं वाजायच्या. दुसरी बाजू कोरी. दोन मिनिटांत गाणं उरकायचं!

आणि हे फेरे देणार कोण? तुम्हीच, हाताने दांडा फिरवून. हात जरा भरभर फिरला की आवाज चिरका, दमला की घोगरा. कारण सोपं आहे. खाचेतली वळणं सुईखालून जितक्या वेगाने जातात तितकी सेकंदाला कंपनं जास्त, आणि कंपनं जास्त म्हणजे स्वर चढा. पेटीवाल्यांसाठी सांगायचं तर ७४ फेऱ्यांवर भरलेली तबकडी ७८ वर वाजवली, की काळी चारमध्ये गाणारा माणूस जवळजवळ पांढरी सहामध्ये गाऊ लागतो. वेग सतत बदलत राहिला तर गाणं झोपाळ्यावर बसल्यासारखं वर-खाली होणार. म्हणून तर जाणकार मंडळी ग्रामोफोनला खेळणं म्हणून नाकं मुरडत होती.

उत्तर मिळालं न्यू जर्सीतल्या कॅम्डेन गावी. एल्ड्रिज जॉन्सन या यंत्र-कारागिराने १८९६ मध्ये किल्ली देऊन चालणारी, एकसारख्या वेगाने फिरणारी स्प्रिंगची मोटर बनवून दिली. घड्याळासारखी किल्ली भरा, पिन टेकवा आणि बसून ऐका. खेळण्याचं वाद्य झालं. या जॉन्सनला लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

तीन मिनिटांचं गणित

आता कागद-पेन घ्या. तबकडीवर एकच लांबच लांब खाच असते, जिलबीसारखी बाहेरून आत गुंडाळत गेलेली. तबकडी किती वेळ वाजणार हे तीन गोष्टींवर ठरतं. खाचांसाठी पट्टा किती रुंद आहे, एका इंचात किती ओळी बसतात आणि मिनिटाला किती फेरे होतात.

१९०१ च्या सुमारास १० इंची तबकडी आली. तिच्यावर खाचांचा पट्टा धरा सुमारे तीन इंच. इंचाला ८५ ओळी धरल्या तर झाले २५५ फेरे. मिनिटाला ७८ फेऱ्यांनी भागा. उत्तर येतं सव्वातीन मिनिटं. बस्स! विसाव्या शतकातलं गाणं तीन-सव्वातीन मिनिटांचं झालं ते या भागाकारामुळे. १२ इंची तबकडीत साडेचार मिनिटांच्या आसपास मजल जायची, पण ती महाग होती.

मग वेग कमी का नाही केला? निम्मा केला तर दुप्पट वेळ मिळेल की! मिळेल, पण आवाजाचं नुकसान होतं. वेग कमी केला की तीच कंपनं खाचेच्या कमी लांबीत दाटीवाटीने कोंबावी लागतात. बारीक, उंच स्वरांची वळणं इतकी चिंचोळी होतात की जाड सुई त्यांतून वळूच शकत नाही. मग टाळ, झांजा, स, श असले आवाज बोथट होतात. मग ओळी जवळ जवळ आणल्या तर? सुई जोरात डावी-उजवीकडे हलली की ती शेजारच्या ओळीत घुसणार. म्हणजे आवाज हळू ठेवावा लागणार. आणि तबकडीच मोठी केली तर? जड होणार, महाग होणार आणि पडली की फुटणार.

वेळ, खणखणीतपणा आणि सोय, यातलं एक ओढलं की दुसरं सुटतं. बर्लिनरपासून आजपर्यंत प्रत्येक रेकॉर्ड म्हणजे या तिघांतली तडजोड आहे. ७८ हा आकडाही काही आकाशातून पडलेला नाही. सुरुवातीला ६० च्या पुढे आणि ८० च्या वरही, ज्याला जो पटला तो वेग होता. १९२५ च्या सुमारास विजेच्या मोटरी आल्या. मिनिटाला ३६०० फेरे घेणाऱ्या मोटरीला ४६ ला १ असं दात्यांचं प्रमाण लावलं की ७८.२६ येतात. वेग स्थिरावला तो असा.

नाव गेलं, कुत्रा राहिला

यंत्र चाललं, पैसा दिसू लागला. आणि पैसा दिसला की भांडण आलंच. बर्लिनरने अमेरिकेतली विक्री फ्रँक सीमन नावाच्या जाहिरातवाल्या माणसावर सोपवली होती. दोघांचं फाटलं. सीमनने प्रतिस्पर्धी यंत्र बाजारात आणलं, पेटंटवाल्या विरोधकांशी हातमिळवणी केली आणि १९०० मध्ये कोर्टाकडून बर्लिनरच्या कंपनीवर बंदी आणवली. स्वतःच्या शोधाचा व्यवसाय तो अमेरिकेत करू शकेना. एकोणिसाव्या वर्षी रिकाम्या हातांनी आलेल्या माणसाने तीस वर्षं खपून उभं केलेलं सगळं एका कागदाने थांबवलं.

बर्लिनरने कॅनडात माँट्रियलला बस्तान बसवलं. अमेरिकेत त्या जॉन्सनने स्वतःच्या बळावर लढा दिला आणि १९०१ मध्ये ‘व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनी’ उभी राहिली. तिच्यात बर्लिनरच्या पेटंटांना वाटा मिळाला. पैसा बुडाला नाही. पण अमेरिकेतून ‘ग्रामोफोन’ हा शब्द मागे पडला तो पडलाच. तिथले लोक तबकडीच्या यंत्रालाही ‘फोनोग्राफ’ म्हणू लागले. म्हणजे एडिसनचा शब्द! बर्लिनरला हे किती लागलं असेल, विचार करा.

‘ग्रामोफोन’ जगला तो इंग्लंडमध्ये, आणि आपल्याकडे. १८९८ मध्ये लंडनला ‘ग्रामोफोन कंपनी’ सुरू झाली आणि त्याच वर्षी एमिल व त्याचा भाऊ जोसेफ यांनी हॅनोव्हरमध्ये ‘डॉइच ग्रामोफोन’ काढली. ज्या गावातून पोरगा बोटीत बसला, त्याच गावात जगाच्या तबकड्या बनू लागल्या. आणि कर्ण्यापुढे कान टवकारून बसलेला तो कुत्रा? त्याचं नाव निपर. चित्रकार फ्रान्सिस बरो याने आधी त्याला एडिसनच्या नळीच्या यंत्रापुढे बसवलं होतं. १८९९ मध्ये लंडनच्या कंपनीने चित्र घेतलं ते नळीवर रंग फासून तिथे ग्रामोफोन काढायच्या अटीवर. १९०० मध्ये बर्लिनरने या चित्राची अमेरिकेत ट्रेडमार्क म्हणून नोंदणी केली. नाव गेलं, पण कुत्रा राहिला. तोच आपल्या आजोबांच्या एचएमव्हीचा कुत्रा.

पळसावरची लाख आणि गौहरजान

आता जरा आपल्या अंगणात येऊ. बर्लिनरच्या सुरुवातीच्या अमेरिकन तबकड्या कडक रबराच्या होत्या. त्यांच्यावर ठसा नीट उमटत नसे. १८९५ नंतर त्याने लाखेचं मिश्रण वापरायला सुरुवात केली. ही लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर राहणाऱ्या किड्याचा स्राव, आणि तिचा सगळ्यात मोठा पुरवठादार होता भारत. म्हणजे आपल्या रानातली लाख जहाजाने परदेशात जायची आणि गाणं होऊन परत यायची. लाखेत दगडाची पूड घातलेली असे, म्हणून त्या रेकॉर्डचा तो खरखराट. आणि म्हणूनच हातातून निसटली की काचेसारखे तुकडे.

बर्लिनरच्या हाताखाली तयार झालेला पियानो वाजवणारा पोरगा, फ्रेड गैसबर्ग, १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला उतरला आणि त्याने गौहरजान यांचा आवाज तबकडीवर घेतला. या मुद्रणांचे साचे हॅनोव्हरला जायचे आणि तबकड्या बनून परत यायचे. गाण्याच्या शेवटी गौहरजान स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायच्या ते याचसाठी, असं मानतात. हॅनोव्हरच्या कारागिराला कोण गातंय हे कळणार तरी कसं? १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला, तेव्हा ही वारी थांबली.

आपल्या गाणाऱ्यांपुढे मात्र मोठाच पेच होता. ज्या मैफलीत एकेक राग तासभर चालायचा, ज्या नाटकात बालगंधर्वांच्या पदाला वन्समोअरवर वन्समोअर मिळायचे, ते सगळं तीन मिनिटांत कसं बसवायचं? अनेक बुजुर्ग गवयांनी तबकडीला नाकच मुरडलं. पण मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्यांनी बसवून दाखवलं. आलाप आटोपशीर, चीज नेमकी, तान मोजकी आणि पिन उचलायच्या आत सम. नाट्यपदं तबकडीवर आली आणि ज्यांना कधी नाटक कंपनीचं तिकीट परवडलं नसतं, त्यांनी ती हॉटेलात, जत्रेत, शेजाऱ्याच्या ओटीवर ऐकली. बर्लिनरला हजारो ऐकणारे हवे होते ना? ते हे होते.

दुधासाठीची लढाई

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, गडी आता पैसे मोजत बसला असेल. पण १९०० च्या सुमारास त्याची तान्ही मुलगी अॅलिस पोटाच्या विकाराने खूप आजारी पडली. त्या काळी अमेरिकेच्या शहरांत न तापवलेलं दूध मुलांना सर्रास पाजलं जायचं आणि त्यातून आलेल्या रोगांनी बाळं दगावायची. आपल्याकडे दूध तापवल्याशिवाय पिववत नाही, त्यामुळे हे विचित्र वाटेल. मुलगी वाचली, पण बर्लिनर हादरला. त्याने अभ्यास केला आणि दूध तापवूनच द्या यासाठी मोहीम उघडली. वर्तमानपत्रांत पत्रकं छापली, संस्था काढली, दुधाचे नियम व्हावेत म्हणून अधिकाऱ्यांच्या मागे लागला, आणि मुलांना स्वच्छता कळावी म्हणून बालगीतांचं पुस्तकही लिहिलं. हे काम त्याने पुढची वीसेक वर्षं चालू ठेवलं.

१९०८ मध्ये आईच्या नावाने त्याने संशोधन करणाऱ्या स्त्रियांसाठी पाठ्यवृत्ती सुरू केली. ज्या काळात विद्यापीठं मुलींना दारात उभं करायला कां-कू करायची, त्या काळात. मुलगा हेन्री याच्याबरोबर हेलिकॉप्टर उडवायच्या खटपटीत तो उतरला आणि १९२० च्या दशकात त्यांची यंत्रं जमिनीवरून उचललीही गेली. सभागृहात आवाज घुमू नये म्हणून भिंतीला लावायच्या फरश्यांचं पेटंटही त्याने घेतलं. १९१३ मध्ये फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने, जिथे पंचवीस वर्षांपूर्वी त्याने आपलं यंत्र वाजवून दाखवलं होतं, त्याला एलियट क्रेसन पदक दिलं. ३ ऑगस्ट १९२९ रोजी वॉशिंग्टनमध्ये तो गेला. वय ७८! रेकॉर्डचा वेग आणि त्याचं वय सारखंच निघावं, हा निव्वळ योगायोग.

त्याच्यानंतरचे आकडे

त्याच्या पश्चात गणित बदललं. जून १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने ‘एलपी’ आणली. १२ इंच, मिनिटाला ३३ १/३ फेरे, बाजूला वीसेक मिनिटं. हा वेग १९२६ च्या सुमाराच्या बोलपटांतून आला होता. एक रीळ संपेपर्यंत, म्हणजे अकराएक मिनिटं, तबकडी पुरावी म्हणून १६ इंची तबकडी या वेगाने फिरवत. पण मघाशी म्हटलं की वेग कमी केला की आवाज बिघडतो. मग हे जमलं कसं? लाखेऐवजी विनाइल आलं. त्यात दगडाची पूड नाही, म्हणून खरखर कमी. खाच एक-तृतीयांश रुंदीची झाली, सुई तितकीच बारीक झाली आणि इंचात दोनशेच्या वर ओळी बसल्या. १९४९ मध्ये आरसीए कंपनीने ७ इंची, ४५ फेऱ्यांची छोटी रेकॉर्ड आणली, एका गाण्यासाठी. आपल्याकडे याच मापाच्या ईपीवर सिनेमाची चार-चार गाणी यायची.

तडजोड मात्र तीच राहिली. एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या टोकाला जेमतेम २१. फेरे तेवढेच, पण वर्तुळ लहान. म्हणून बाजूचं शेवटचं गाणं जरा दबलेलं, किंचित फाटलेलं वाटतं. ती तुमच्या कानांची चूक नाही. म्हणूनच बरेच निर्माते जोरकस गाणं बाजूच्या सुरुवातीला आणि शांत गाणं शेवटी ठेवत. डीजे मंडळी १२ इंची रेकॉर्डवर ४५ फेऱ्यांनी एकच गाणं का घेतात, तेही आता कळेल. जागा ऐसपैस, वेग जास्त, म्हणून खाचा रुंद आणि ढोल-बास दणदणीत.

तेव्हा उद्या रेकॉर्डच्या दुकानात गेलात, तर कव्हर आवडलं म्हणून लगेच पैसे देऊ नका. मागे वेळ बघा. एका बाजूला अठरा-वीस मिनिटं असतील तर आवाजाला मोकळी जागा मिळालेली असते. पंचवीसच्या पुढे गेलं तर कुठेतरी आवाज हळू करावा लागला असणार. आणि आजोबांच्या माळ्यावरची ७८ ची लाखेची तबकडी सापडली तर ती एलपीच्या बारीक पिनवर लावू नका. तिला जाड पिन लागते.

शेवटची एक गोष्ट. १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानं अंतराळात निघाली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली १२ इंची तांब्याची तबकडी आहे, सोबत वाजवायची पिनही. त्यात ५५ भाषांतले नमस्कार आहेत, मराठीतलाही. आणि गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, तीन-साडेतीन मिनिटांत बसवलेली. पृथ्वीवरचं संगीत जास्तीत जास्त मावावं म्हणून त्या तबकडीचा वेग एलपीच्याही निम्मा ठेवलाय. वेळ हवा तर थोडा खणखणीतपणा सोडायचा, हा सौदा इथेही सुटला नाही.

एका बाटल्या धुणाऱ्या पोराने आखलेली नागमोडी रेघ आज सूर्यमालेच्या वेशीपलीकडे पोचली आहे. पुढच्या वेळी गाणं स्किप करायला बोट उचलाल, तेव्हा तीन मिनिटं थांबून बघा. तेवढ्या वेळात काय काय बसवता येतं, हे कुणीतरी फार कष्टाने शोधून काढलंय.